अर्धा सेकंद आधी

“दोन मिनिटं थांबता का? नळकांडं आता दार उघडेल.”

सहा वर्षं मी कान तपासायचं काम करते. पण नाव पुकारल्यावर पेशंटच्या नातेवाइकाने मलाच थांबायला सांगितलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. आमच्या केंद्रातल्या प्रतीक्षेच्या खोलीत टीव्ही कायम मुका असतो. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तसंही ऐकू येत नाही, म्हणून आवाज बंद आणि पडद्याखाली अक्षरं चालू. त्या अक्षरांवर डोळे रोवून तो बसला होता. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, बोटांना दोन-तीन ठिकाणी चिकटपट्टी, आणि शेजारी पर्स पोटाशी धरून बसलेली एक म्हातारी बाई. तीसुद्धा पडद्याकडेच बघत होती.

पडद्यावर माझी मालिका चालू होती. माझी म्हणजे ‘तिसरी कक्षा’. दोनशे वर्षांच्या प्रवासाला निघालेलं यान, पाळीपाळीने झोपणारी माणसं आणि त्यांची राखण करणारा एक बिनचेहऱ्याचा यंत्रमानव, ज्याला आम्ही चाहते लाडाने नळकांडं म्हणतो. मागच्या वर्षीचा शेवटचा भाग लागला होता. मी तो अकरा वेळा पाहिला होता.

“नाही उघडणार ते,” मी म्हटलं.

त्याने मान वर केली. मी त्याच्या ताटातला घास उचलला असता, तर त्याने माझ्याकडे असंच पाहिलं असतं.

“तुम्ही शेवट सांगून टाकलात.”

“तुम्ही मला ताटकळत ठेवलंत. फिट्टंफाट.”

तो हसला. आणि खरं सांगायचं तर… त्या हसण्यात मी जरा जास्तच वेळ रेंगाळले. म्हातारीनेच उठून विचारलं, “चलायचं का आत, की तुमचं उरकू दे आधी?”

ती त्याची आत्या. दोन्ही कानांना मशीन लागणार होतं. मी आलेख समोर धरून समजावत होते आणि तो मान किंचित वाकडी करून ऐकत होता, माझा एकही शब्द खाली सांडू नये अशा बेताने. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. बाबांनी तर नाहीच.

पुढच्या आठवड्यात आत्याचं मशीन घ्यायला तो एकटाच आला. त्याचं काम काच कापायचं. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या चौकटी. माझ्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला कानाचा तक्ता पाहून तो हळहळला, खिशातून टेप काढून त्याने माप घेतलं आणि चौथ्या दिवशी काच बसवून चौकट घेऊन हजर झाला.

“मी सांगितलं नव्हतं,” मी म्हटलं.

“तक्त्याने सांगितलं. त्याचा कोपरा दुमडायला लागला होता.”

“आणि हे टांगायला खिळा?”

“खिळा विसरलो. उद्या परत यावं लागेल.”

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव काचवाला पडलं. केंद्रासमोरच्या छोट्याशा हॉटेलात चहा सुरू झाला, अहो-जाहोचं अरे-तुरे झालं. तिथेच एकदा मी दिवसभराच्या कामाने वैतागून बोलून गेले, “सकाळपासून ओरडून ओरडून घसा बसलाय माझा. नवरा तरी असा हवा बाई, की मी नुसतं पुटपुटले तरी त्याला कळेल. घरी गेल्यावर मला कान या विषयाचं तोंडदेखील बघायचं नाही.”

तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, “हो. बरोबर आहे.” मला वाटलं, लाजला.

मग ‘तिसरी कक्षा’चा नवा हंगाम सुरू झाला. सात भाग, दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला एक. आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी ‘कक्षेबाहेर’ नावाचं एक पान चालवते. प्रत्येक भाग पाहून झाला की तासाभरात त्यावर माझी प्रतिक्रिया पडते आणि चार-पाचशे माणसं ती वाचायला टपून बसलेली असतात. शुक्रवारी सातला माझा मजकूर आला नाही, तर लोक माझ्या तब्येतीची चौकशी करतात. पण शुक्रवारी काचवाल्याला दुकानातून निघता येत नव्हतं. म्हणून मी — मी — ठरवलं, की भाग शनिवारी पाचला बघायचा. माझ्या घरी. दोघांनी. त्याआधी कोणीही बघायचा नाही.

“शप्पथ?” मी हात पुढे केला.

त्याने हात हातात घेतला. त्याच्या बोटावरची चिकटपट्टी माझ्या तळव्याला घासली. “शप्पथ,” तो म्हणाला, पण जरा दम खाऊन.

शुक्रवारी सहा ते शनिवारी पाच, म्हणजे तेवीस तास. या तेवीस तासांत मी फोन कपाटात ठेवायचे, मैत्रिणींना टाळायचे. माझे वाचक चिडले, दोघांनी तर पान सोडलं. प्रेमात लोक काय काय सोडतात. मी तेवीस तासांची बातमी सोडली होती, आणि माझ्यासारखीने सोडायला ती काही लहान गोष्ट नव्हती.

शनिवारी आमचा तिघांचा सोफा भरायचा. डाव्या टोकाला, खिडकीशी, काचवाला, मध्ये मी, उजवीकडे बाबा. पहिल्याच दिवशी काचवाल्याने सहज विचारलं होतं, “खाली अक्षरं लावूया का?”

“मुळीच नाही,” मी म्हटलं. “अक्षरं माणसाच्या आधी पोचतात. त्याने तोंड उघडायच्या आत आपल्याला कळतं तो काय बोलणार. मग चेहरा कशाला बघायचा?”

“हे खरंय,” तो म्हणाला, आणि विषय संपला.

बाबा पेपर आडवा धरून बसायचे आणि दर पाच मिनिटांनी विचारायचे, “हा मेला होता ना?” स्वयंपाकघरातून आईच्या भांड्यांचा आवाज, वर पंख्याची घरघर. त्या गोंधळात आमचा चौथा भाग पार पडला, आणि त्यात कॅप्टनने दिशाबाईला वचन दिलं. दिशाबाई म्हणजे यानाची वाट आखणारी. एकशेवीस वर्षांतून एकदा दिसणारा धूमकेतू आपण दोघांनी एकाच खिडकीतून बघायचा, असं ते वचन होतं. मी डोळे पुसले. काचवाला पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

“काय?”

“काही नाही. तू रडताना आधी नाक लाल होतं.”

भाग संपल्यावर मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचे. त्या दिवशी बारीक पाऊस होता आणि छत्री एकच. तो छत्री डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायचा, माझ्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला यायचा. कधी मला गाड्यांच्या बाजूला ठेवायचा, कधी दुकानांच्या. त्याच्या शौर्याचा काही नेम नव्हता. माझा खांदा पार भिजला, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

पाचव्या भागाला मात्र माशी शिंकली.

आमच्या धंद्यात पेशंटची एक जात असते… बटण आधी दाबणारे. बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि सांगतात, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबा. काही हुशार लोक आवाजांची लय पकडतात आणि आवाज यायच्या अर्धा सेकंद आधीच दाबतात. त्यांना वाटतं आपण पास झालो. मी मध्येच लय मोडते आणि त्यांना बरोबर पकडते. सहा वर्षं मी दिवसभर हेच बघते: माणूस ऐकून दाबतोय, की आधीच माहीत असल्यासारखा दाबतोय.

पाचव्या भागात कॅप्टन नळकांड्याला विचारतो, “तू कधी झोपतोस?” आणि नळकांडं म्हणतं, “तुम्ही बोलत असता तेव्हा.”

काचवाला हसला. माझ्याकडे वळून, छान हसला… नळकांडं बोलायच्या अर्धा सेकंद आधी.

मी म्हटलं, योगायोग. पुढे यानात भोंगा वाजतो. भोंगा वाजायच्या आधी याची बोटं उशीत रुतली होती. आणि शेवटी, दिशाबाईने तो धूमकेतू आधीच यानावरच्या डॉक्टरबरोबर पाहिला आहे हे कॅप्टनला कळतं, तेव्हा त्याच्यासोबत मी हादरले, आई दारात येऊन थबकली, बाबांनी पेपर खाली केला. एकटा काचवाला तेवढा शांतपणे माझ्या चेहऱ्याकडे बघत बसला होता.

याने हा भाग पाहिलेला होता.

आणि एकट्याने पाहिलेला नव्हता, हे मला लगेच कळलं. एकट्याने पाहिला असता तर सांगून टाकलं असतं, की राहवलं नाही, माफ कर. माणूस लपवतो तेव्हा मध्ये दुसरं माणूस असतं. माझे तेवीस तास कपाटात कुलूपबंद, आणि हा तिकडे शुक्रवारी कोणाच्या तरी शेजारी बसून तेच विनोद, तोच भोंगा, तेच हसणं… माझ्या वाट्याला आलं ते शिळं.

त्या दिवशीची माझी प्रतिक्रिया लोकांना अजून आठवते. “भाग पाचवा,” मी लिहिलं होतं. “दिशाबाईच्या हुशारीचं कौतुक पुरे झालं. वचन एकाला आणि खिडकी दुसऱ्याबरोबर! डॉक्टरला काय कळतं धूमकेतूतलं? आणि वर शहाजोगपणा बघा, कॅप्टनसमोर आश्चर्याचा चेहरा करते. कॅप्टन, हिला झोपेच्या पेटीत घाल आणि पुढची ऐंशी वर्षं उठवू नकोस.” खाली एका वाचकाने नम्रपणे लिहिलं होतं, “ताई, यान फुटता फुटता वाचलं. त्याबद्दलही दोन ओळी लिहा की.”

मंगळवारी मी आईचा जुना फोटो चौकटीसाठी घेऊन त्याच्या दुकानात गेले. फोटो हे निमित्त होतं, मला दुकान बघायचं होतं.

पुढे एक मुलगी बसली होती. ती चौकटींचे नमुने दाखवायची, म्हणून तिला मनातल्या मनात मी फ्रेमवाली म्हटलं. चुणचुणीत, हसरी, आणि तिच्या पिशवीवर नळकांड्याचं चित्र.

“तुम्ही पण बघता?” मी विचारलं. माझा आवाज कसा गोड होता म्हणून सांगू.

“बघते म्हणजे काय! या शुक्रवारी तर कॅप्टनने रडवलं हो. आम्ही इथे सगळे दोन दिवस तेच बोलत होतो.”

सगळे. आम्ही. दोन दिवस.

मागच्या बाजूला काचवाला पाठमोरा उभा राहून मोठ्या काचेवर रेघ ओढत होता. मी हाक मारली. तो वळला नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. फ्रेमवाली सहज म्हणाली, “छे, त्याला अशी हाक मारून उपयोग नसतो. हातच लावावा लागतो.” आणि ती उठली, आत गेली आणि तिने त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. तो तत्काळ वळला. हसरा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या दोन हाका आणि तिची दोन बोटं! मी फोटो पर्समध्ये परत घातला, “घाईत आहे” असं काहीतरी म्हटलं आणि बाहेर पडले. बसमध्ये एका बाईने मला विचारलं, “बरं नाही का?” मी म्हटलं, “दाढ दुखतेय.”

चार दिवस मी जळत होते आणि चार दिवस स्वतःला समजावत होते. शेवटी म्हटलं, यात माझंही चुकलंय. त्याला आपण कधी काही बोललोच नाही. ज्याला काही सांगितलंच नाही, त्याच्यावर हक्क कसला गाजवायचा? या शनिवारी बोलून मोकळं व्हायचं. मग त्याला त्याची खिडकी निवडू दे.

सहाव्या भागाच्या दिवशी बाबांची पाठ धरली होती. त्यांना टेकायला खिडकीकडचं टोकच हवं होतं. त्यामुळे बाबा डावीकडे, मी मध्ये, आणि काचवाला माझ्या उजवीकडे. तो बसताना जरा घुटमळला. “तिकडे बरं होतं,” असं काहीसं पुटपुटला. मी मनात म्हटलं, आता माझ्या शेजारची बाजूही याला खुपायला लागली.

पडद्यावर कॅप्टन गप्प बसून होता. यान अंधारातून चाललं होतं. आई बाहेर गेली होती, बाबांचा डोळा लागला होता. मी काचवाल्याकडे झुकले. त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर. छाती अशी धडधडत होती, की वाटलं, यंत्रावर घेतलं तर कागद फाटेल.

“मला तू आवडतोस,” मी हळूच म्हटलं. “खूप… मनापासून.”

तो समोर बघत राहिला.

पापणीसुद्धा हलली नाही. मी वाट पाहिली. एक, दोन, तीन… आणि मग तो माझ्याकडे वळून गालात हसला. मी वर पाहिलं. अर्ध्या सेकंदाने पडद्यावर नळकांडं जिन्यावरून गडगडत खाली आलं. तो त्याला हसला होता. त्याला आधीच माहीत असलेल्या नळकांड्याला.

भाग संपल्यावर मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले नाही. जिन्यातच थांबवलं.

“तू हे आधी पाहतोस.”

त्याचे कान लाल झाले.

“खोटं बोलू नकोस. मी पोटासाठी हेच पकडते. कोणाबरोबर बघतोस?”

“आत्याबरोबर,” तो म्हणाला. “शुक्रवारी. दुकानातून लवकर निघून.”

“आत्याबरोबर.” मी हसले, पण ते हसणं मलाच ओळखू आलं नाही. “बाहत्तर वर्षांची आत्या यानाच्या गोष्टी बघते?”

“बघते.”

“आणि शुक्रवारी निघता येत नाही म्हणाला होतास, ते?”

“ते… खोटं होतं.”

“का?”

इतका वेळ माझ्या डोळ्यांत बघणारा माणूस आता माझ्या चपलांकडे बघायला लागला. “सांगता येत नाही,” तो म्हणाला.

“मग सांगू नकोस. पुढच्या शनिवारी येऊही नकोस.”

तो गेला. मी वर आले. बाबांनी विचारलं, “काचवाला चहा न घेता गेला?” मी म्हटलं, “त्याला बाहेर मिळतो.” आणि बाथरूमचा नळ सोडून, नाक लाल होईपर्यंत रडले. त्या आठवड्यात ‘कक्षेबाहेर’वर पहिल्यांदाच काहीही छापून आलं नाही.

गुरुवारी आत्या आली. मशीनचा आवाज जुळवून घ्यायचा होता. तिला बघून मला तोच आठवला, पण काम ते काम. मी तिला बसवलं, मशीन यंत्राला जोडलं.

“आता कसं येतंय ऐकू?”

“तुझं छान येतंय. टीव्हीवरचं मात्र अजून गिचमिड वाटतं बघ. ती यानातली माणसं काय भराभरा बोलतात.”

माझी बोटं थांबली. “तुम्ही… बघता ते?”

“दर शुक्रवारी. आम्ही दोघं.” आत्या खुशीत सांगायला लागली. “मी आणि माझं लेकरू. खाली अक्षरं लावायची आणि वाचत बसायचं. मला तर दोन्ही कानांना लागतात, आणि त्याला त्या —”

ती गप्प झाली. पर्स पोटाशी घट्ट धरून माझ्याकडे बघायला लागली, चोरी पकडली गेल्यासारखी.

“त्याला काय?” मी विचारलं.

“काही नाही गं पोरी. त्याने मला बजावलंय.”

तिला पुढे बोलायची गरजच नव्हती. मी खुर्चीत बसून राहिले आणि एकेक गोष्ट आपोआप समोर येत गेली. मान किंचित वाकडी… उजवा कान माझ्याकडे. सोफ्याचं डावं टोक. छत्रीची अदलाबदल, मी नेहमी त्याच्या उजव्या बाजूला. दुकानातल्या दोन हाका, खांद्यावरची दोन बोटं. पंखा, भांडी, बाबांचे प्रश्न, आणि त्यातून एका कानाने संवाद वेचू बघणारा तो. “खाली अक्षरं लावूया का?”

“डावा,” मी म्हटलं. “डाव्या कानाने त्याला अजिबात ऐकू येत नाही.”

आत्याने सुस्कारा टाकला. “आठ वर्षांचा असताना गालगुंड झालं होतं. तेव्हा गेला तो गेला. तसं त्याचं काही अडत नाही. पण तू म्हणे एकदा म्हणाली होतीस… नवरा असा हवा, पुटपुटलं तरी कळणारा. त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही.”

सहा वर्षं. रोज आठ-दहा माणसं. कोणाला किती कमी ऐकू येतं, हे मी त्याच्या चालण्यावरून सांगते म्हणून केंद्रात माझं कौतुक होतं. आणि सहा शनिवार ज्याच्या शेजारी बसले, त्याच्या बंद कानात मी माझं मन ओतलं आणि उत्तर आलं नाही म्हणून त्याला बेइमान ठरवलं. मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात. मी तर माझ्या धंद्यालाच मुकले होते.

“आत्या,” मी म्हटलं, “उद्या शेवटचा भाग आहे ना?”

“सहाला,” आत्या म्हणाली. “पावणेसहाला ये. पण मी काही बोलले नाही हं.”

शुक्रवारी दार त्यानेच उघडलं. हातात रिमोट, चेहऱ्यावर पडद्यावरच्या भोंग्याला लाजवेल असा धक्का. या वेळी धक्का बरोबर वेळेवर आला होता.

“तू… इथे?”

मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. बघूनच त्याला कळलं. खांदे खाली आले.

“आत्याने सांगितलं.”

“आत्याने अर्धंच सांगितलं. उरलेलं मला महिनाभरापूर्वीच दिसायला हवं होतं. तू मला का नाही सांगितलंस?”

“तुला घरी गेल्यावर कान नको होता,” तो म्हणाला. “माझा तर नादुरुस्त कान. तुझ्याकडे रोज येतात तसल्यांतलाच एक.”

“मी दमले होते रे. तोंडाला आलं ते बोलले. रोज लोकांना सांगते, यात लाजायचं काय आहे… आणि तुला मीच लाजायला लावलं. माफ कर मला.”

त्याने रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मला अजून एक विचारायचं होतं. इतक्या लाजेतही ती बोच गेली नव्हती, काय करू.

“अक्षरांसाठी आधी बघायचास, कळलं. पण मग विनोद यायच्या आधी का हसायचास? चांगला नट असतास तर नंतर हसला असतास.”

“हसायचो नाही,” तो म्हणाला. “म्हणजे… नळकांड्याला नाही हसायचो. विनोद कुठे आहे ते मला ठाऊक असायचं. तो ऐकून तू कशी हसतेस ते बघायचं असायचं, म्हणून आधीच तुझ्याकडे वळून बसायचो. आणि तुझ्याकडे बघितलं की…” त्याने खांदे उडवले. “मी प्रत्येक भाग दोनदा पाहिलाय. एकदा अक्षरांसाठी. एकदा तुझ्यासाठी.”

म्हणजे ज्या अर्ध्या सेकंदावर मी दोन आठवडे जळत होते, तो अर्धा सेकंद माझाच होता.

“सहा वाजले,” आतून आत्या ओरडली. “तुमचं भांडण मागाहून.”

आत्या खुर्चीत, आम्ही दोघं सोफ्यावर. मी उजवीकडे. त्याने रिमोट उचलला, माझ्याकडे पाहिलं.

“लाव अक्षरं,” मी म्हटलं.

माझा आक्षेप बरोबर होता, हे मी आजही सांगेन. अक्षरं खरंच माणसाच्या आधी पोचतात. नळकांड्याने तोंड उघडायच्या आधी — त्याला तोंड नाही, पण तरी — आम्ही तिघंही हसलो. भोंग्याच्या आधी दचकलो. दिशाबाईने कॅप्टनला सांगितलं, की धूमकेतू आधी पाहिला तो नेमक्या कोणत्या खिडकीतून नीट दिसेल हे शोधायला, तेव्हा आम्ही तिघांनी आधीच नाक ओढायला सुरुवात केली होती. पण आम्ही तिघं एकदम, एकाच वेळी आधी होतो. कोणीही कोणाला मागे टाकलं नव्हतं.

श्रेयनामावली वर सरकायला लागली. आत्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. बाहेर अजून उजेड होता.

“मागच्या शनिवारी,” मी त्याच्या उजव्या कानाशी झुकले, “बाबा झोपले होते तेव्हा, मी तुला एक गोष्ट सांगितली होती.”

तो एकदम सावध झाला. “कोणत्या बाजूने?”

“डाव्या.”

“अरे देवा.” त्याने कपाळावर हात मारला. “काय होती?”

मी श्वास घेतला. पुन्हा तेच शब्द, पुन्हा तीच धडधड. “मला…” मी म्हटलं, आणि अडले. “मला तू —”

“मलाही,” तो म्हणाला.

“थांब की. माझं वाक्य पूर्ण नाही झालं अजून.”

“तुझ्या चेहऱ्यावर अक्षरं आधीच आली,” तो म्हणाला. “पण तू म्हण. मला या वेळी ऐकायचंय.”

मी म्हटलं. पुटपुटूनच म्हटलं, आणि त्याला शब्दन् शब्द कळला. त्याच्या बोटावरची चिकटपट्टी परत माझ्या तळव्याला घासली आणि या वेळी हात सुटला नाही.

“मला बाई काही ऐकू आलं नाही,” आत्या डोळे न उघडता म्हणाली.

तिची दोन्ही मशीनं आदल्याच दिवशी मी स्वतः जुळवली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.